मधला नंबर

२९ ऑगस्ट २००२

रुळाच्या वहीत यापुढे फक्त आकडे लिहायचे, असा दादाचा हुकूम झाला आहे. परवा मी त्यात एका गाडीपुढे 'आज आवाज उदास वाटला' असं लिहिलं होतं. शेजारच्या हॉटेलच्या सयाजीशेठनी ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "सोमनाथ, तुझ्या बहिणीला इंजिनाची नाडी कळती राव!" लोक हसले. दादा माझ्यावर चिडला नाही, एवढा हुकूम केला. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात मनातलं लिहीन.

रूळ म्हणजे बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाच्या चरकातला लोखंडी रूळ. दादाने तो आळेफाट्याच्या आपल्या गॅरेजमध्ये खड्डा खणून आडवा बसवला आहे. मोटरसायकल वर साखळ्यांनी बांधायची आणि मागचं चाक रुळावर ठेवायचं. मग गाडी कितीही पळवली तरी जागची हलत नाही, फिरतो तो रूळ. तो जड आहे, म्हणून इंजिनात ताकद असेल तितका लवकर वेग घेतो. मीटर बघून तो वेळ मोजणं हे माझं काम. मोठ्या शहरात याचं तयार मशीन असतं, त्याला डायनो म्हणतात. दादाने मासिकातला फोटो बघून हा केला. सयाजीशेठ रोज विचारतात, "काय मास्तरीण, आज किती रस निघाला?"

मी ओतूरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन पास झाले, पण मोजणं तिथे नाही शिकले. वडिलांची, आबांची, मेंढरं होती तेव्हा आम्ही वर्षातले आठ महिने वाड्याबरोबर, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड घेऊन, फिरायचो. शाळेत मी एकदम पाचवीला बसले. त्याआधीचं सगळं आबांनी मातीत काडीने शिकवलं. तिसऱ्यांदा मोजून तेच आलं तरच तोंडातून काढायचं, असा त्यांचा नियम होता. मी अजून तसंच करते. दादाला वाटतं मी वेळ घालवते.

८ सप्टेंबर

पुण्याचे कारखानीस साहेब आले होते. त्यांची रेसिंगची टीम आहे आणि स्वतःचं वर्कशॉप आहे. कुणाकडून तरी रुळाबद्दल ऐकून मुद्दाम वाकडी वाट करून आले. खड्ड्यात उतरून त्यांनी बेअरिंगला हात लावून पाहिला. मग दादाला विचारलं, "हे तुम्ही एकट्याने केलं?" दादा म्हणाला, "बहिणीने हिशोब केला, साहेब." 

त्यांनी स्पष्ट सांगितलं. चोवीस नोव्हेंबरला चाकणच्या पुढच्या माळावर मातीतली शर्यत आहे. दादाने तयार केलेली गाडी पहिल्या तिघांत आली, तर जानेवारीपासून दादा त्यांच्या वर्कशॉपला कामाला.

हे व्हायलाच हवं. टू-स्ट्रोक गाड्या आता बंदच होत चालल्या आहेत. लोकांना ॲव्हरेज हवं आहे. गेल्या महिन्यात ताकद वाढवायला फक्त दोन गाड्या आल्या, त्यातली एक उधारीवाल्या पाहुण्याची. गॅरेजची जागा मालकाने नव्या गाड्यांच्या शोरूमला द्यायची ठरवली आहे, डिसेंबरअखेर आम्हाला निघायचं आहे. दादाला दुसरं काहीच येत नाही. मेंढरंही राहिली नाहीत.

मला वाटतं, होणार नाही. का ते सांगता येत नाही. माझं नेहमी असंच असतं, आई म्हणते मी जन्मतानाच काळजीने रडले.

९ सप्टेंबर

काल लिहिलं ते चुकलं. उधारीवाल्या पाहुण्याने पैसे दिले होते, मला माहीत नव्हतं. तसं लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर

गाडी चालवणार बहिरू. लंकाआत्याचा मुलगा. कांद्याचा टेम्पो चालवतो, पण दोन चाकांवर बसला की वेगळाच माणूस होतो. मी इतकी वर्षं त्याला बहिरूदादा म्हणायचे. गेल्या दिवाळीला आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला दादा म्हनत जाऊ नको आता." तेव्हापासून मी त्याला काहीच म्हणत नाही. नाव न घेता बोलायला फार त्रास होतो.

आज तो रुळावर बसला आणि ओरडला, "मास्तरीणबाई, माझं वजन धरलंय का हिशोबात? आज दोन वडापाव जास्त झाल्यात."

मी म्हटलं, "रुळावर वजनाचा फारसा फरक पडत नाही."

"मंग अजून एक खातो."

दादा हसला. दादा फार दिवसांनी हसला.

३ ऑक्टोबर

अडलो आहोत. कुठे ते नीट लिहिते, म्हणजे मलाही समजेल.

कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा एक छोटा तुकडा असतो. त्याला सुईएवढं भोक. त्यातून पेट्रोल इंजिनात जातं. नंबर मोठा तेवढं भोक मोठं. पेट्रोल जास्त गेलं की इंजिन मंद, जेवून झोपल्यासारखं. पेट्रोल कमी केलं की इंजिन हलकं होतं, झेप घेतं. पण फार कमी झालं की तापतं, कारण टू-स्ट्रोकमध्ये तेलही पेट्रोलातूनच मिळतं. तापून पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. याला सीज होणं म्हणतात. चालत्या गाडीचं इंजिन सीज झालं तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

एकशेदहाच्या जेटवर आमचं इंजिन मंद आहे. शंभरवर झेप घेतं, पण प्लग पांढराफटक निघतो, म्हणजे तापतंय. रुळावर एका वेळी अर्धा मिनिटच पळवतो, म्हणून निभावतं. शर्यतीत निभणार नाही. मधला नंबर हवा. पुण्यात सगळीकडे विचारून झालं, या कार्बोरेटरला तो येतच नाही.

दादा दिवसभर दोन जेट हातात घेऊन बसला होता. "दोन्ही चूक हायेत," एवढंच म्हणाला. मी पाच वाजता एसटीने निघाले. वाडीच्या वाटेला उसात बिबट्या आहे, आई अंधार पडू देत नाही.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. गॅरेजमधल्या एकाही पान्याला कामासाठी हात लावायचा नाही. आबा वाडीवरून आले. सगळे पाने, हातोड्या, पक्कड पोत्यावर ओळीने मांडले. रुळाला हळदकुंकू, गाडीला झेंडूचा हार. गाडी रुळावर बांधलेलीच होती. आबांनी पिशवी उघडली आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत मुठी भरून भंडारा उधळला. आमच्यात भंडारा चिमटीने टाकत नाहीत. सगळं गॅरेज पिवळं झालं. बहिरूच्या मिशा पिवळ्या झाल्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता नवरदेव दिसतो का?" आई खोकली. मी पाने सरळ करत बसले.

रुळावर गाडी असते तेव्हा आम्ही पेट्रोलची टाकी काढून ठेवतो आणि सलाइनची एक बाटली उलटी टांगतो, तिच्यातून नळी थेट कार्बोरेटरला. किती पेट्रोल जळलं ते दिसतं. वरून ओतता यावं म्हणून दादाने बाटलीचं बूड कापलं आहे. भंडारा तिच्यातही पडला, बराच. मी दादाला म्हटलं, हे पेट्रोल ओतून टाकू का? आबांनीच उत्तर दिलं, "देवाचा भंडारा टाकून देत्यात का पोरी? ऱ्हाऊ दे. गाडीलाबी परसाद."

मला ते पटलं. आम्ही कपाळावरचा भंडारासुद्धा पुसत नाही, आपोआप जाईल तेव्हा जातो.

१६ ऑक्टोबर



काल दसऱ्याला सुट्टी होती. आज सकाळी एकशेदहाचाच जेट लावलेला होता, काही बदललं नव्हतं. पहिल्या खेपेला इंजिन नेहमीसारखं मंद. दुसऱ्या खेपेला आवाज बदलला, जरा टणक झाला. तिसऱ्या खेपेला रुळाने असा वेग घेतला की मीटरचा काटा मला दिसलाच नाही. पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शंभरच्या जवळपास, पण शंभरपेक्षा गुळगुळीत. प्लग छान चॉकलेटी, म्हणजे तापतही नाही.

म्हणजे मधला नंबर. जो मिळतच नव्हता तो.

दादा खाली बसला आणि रुळाला हात लावून तो हात कपाळाला लावला. "आबांनी केलं," म्हणाला. मी कारण शोधायचा प्रयत्न केला. हवा थंड आहे, पण इतकी नाही. पूजेनंतर एक दिवस इंजिन थंड राहिलं, त्याने काही होत नाही. मला कारण सापडलं नाही, आणि सापडलं नाही याची मला भीती वाटते. पण आकडा खरा आहे, मी तीनदा मोजला.

बाटली दुपारपर्यंत स्वच्छ झाली होती. तळाशी बसलेला भंडारा पेट्रोलाबरोबर गेला. बरं झालं, टाकून द्यावा लागला नाही.

२५ ऑक्टोबर

अजून थोडं वाढलं. काही न बदलता. सयाजीशेठ येऊन बघून गेले, या वेळी रसाचा विनोद केला नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. आत्याने आईजवळ शब्द टाकला की शर्यत झाली की बघू. आईने मला सांगितलं नाही, मी भिंतीआडून ऐकलं. ऐकायला नको होतं.

प्लग मला पूर्वीपेक्षा फिका वाटतो. दादाला दाखवला. तो म्हणाला, "नवी ट्यूबलाइट लावलीय, तिच्याखाली सगळंच पांढरं दिसतं." उन्हात नेऊन पाहिला. उन्हात ठरवता येत नाही. मी म्हटलं, एकदा कार्बोरेटर खोलून जेट पाहू या का? दादा इतक्या शांतपणे बोलला की मला लाज वाटली. "हिरे, दीड महिना मी झोपलो न्हाई. आता बसलंय ते. तू खोलशील, आन परत बसलं न्हाई तर?"

आबांना विचारलं. ते म्हणाले, "देवाला दिल्यालं उचकटून बघत्यात व्हय?"

दोघांचंही बरोबर आहे. आकडा माझ्या बाजूने नाही. आकडा म्हणतो सगळं उत्तम आहे.

२३ नोव्हेंबर

गाडी टेम्पोत चढवली. तेल मीच मिसळलं, लिटरला चाळीस मिली, काचेच्या मापाने, दोघांच्या साक्षीने. बहिरू म्हणाला, "इतकं मोजून तर डाक्टरबी औषध देत न्हाई." मग हळूच म्हणाला, "तू यायचं. तू नसलीस तर कोन मोजनार?"

मला तीनातलं काही नको. पहिला, दुसरा, काही नको. फक्त गाडी पूर्ण फिरून यावी.

२४ नोव्हेंबर

पाचव्या फेरीला तो दुसरा होता. सरळ पट्टा होता, मूठ पूर्ण पिळलेली. आवाज एकदम बंद झाला. मला आवाज बंद झाल्याचं आधी कळलं आणि मग दिसलं.

यापुढे आज लिहवत नाही.

२७ नोव्हेंबर

नारायणगावच्या दवाखान्यात बहिरूच्या मांडीत रॉड घातला. गुडघ्याचाही चुरा आहे. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पाय पहिल्यासारखा वाकणार नाही. टेम्पोचा क्लच त्याच पायाने दाबायचा असतो.

तो शुद्धीवर आला तेव्हा मी दारात होते. म्हणाला, "मास्तरीणबाई, दुसरा व्हतो ना?" मी हो म्हटलं. "मंग तीनात व्हतो." आणि हसला, आणि हसताना रडला.

आत्या बाहेर बाकावर होती. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "तुकाबाई, तुमच्या घरात लई मोजत्यात. माझं पोरगं मोजाय दिलं व्हतं तुमाला."  

२८ नोव्हेंबर

मला काही सुचेना म्हणून सकाळी लवकर गॅरेजला गेले आणि सगळं स्वच्छ केलं. आबांनी सवय लावली आहे, कशानेही दुखापत झाली तर आधी हत्यार धुऊन ठेवायचं. इंजिन दादा खोलेल, कार्बोरेटर मी घेतला. पूर्ण सुटा केला. तळाच्या वाटीत चिकट, पिवळट-काळा गाळ होता. पंपावरच्या पेट्रोलात गंज असतोच. पेट्रोलने दोनदा धुतला, फडक्याने पुसला, सगळ्या भोकांतून पंपाने हवा मारली. जेट उजेडासमोर धरला. गोल, मोकळं भोक. नंबर एकशेदहा. म्हणजे जेटचा दोष नाही.

गाळाचं दादाला सांगितलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "असतो तसा."

३० नोव्हेंबर

कारखानीस साहेब स्वतः दवाखान्यात आले होते. बहिरूच्या उशाशी बसले. मग बाहेर येऊन दादाला जे म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण मला वाटलं होतं ते रागावतील.

"सोमनाथ, इंजिनं सीज होतात. माझ्या हातूनही झालीत. गाडी दुसरी होती हे मी पाहिलं. माझं बोलणं मोडलेलं नाही. फक्त ते का सीज झालं एवढं मला सांगा. तुमचीच चूक असली तरी चालेल. कारण सापडलं की जानेवारीत या. पण कारण माहीत नसलेल्या माणसाच्या हातची गाडी मी कुणा पोराखाली देऊ शकत नाही."

दादा वाकून त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी पडू दिलं नाही.

रात्री घरी बऱ्याच दिवसांनी आम्ही जेवलो. कारण तर असणारच. कारण नसलेलं काही नसतं.

७ डिसेंबर

सगळं तपासलं. सिलिंडर, सील, प्लगची वेळ, हवा शिरण्याच्या जागा. टाकीची जाळी शाबूत. उरलेलं पेट्रोल बाटलीत ठेवून पाहिलं, तेल बरोबर मिसळलेलं. प्रत्येक गोष्ट तीनदा. सगळं बरोबर आहे.

नवा पिस्टन टाकून गाडी रुळावर चढवली. मी मोजलं. इंजिन मंद आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं तसं, अगदी तेवढंच मंद. तीच गाडी, तोच जेट, तोच कार्बोरेटर, आता तर धुऊन स्वच्छ केलेला. नवा पिस्टन घट्ट असतो, त्यानेही मंद वाटतं, असं मी म्हटलं. दादाने मान हलवली. तो म्हणाला, "दिलं व्हतं ते काढून घेतलं."

त्यानंतर त्याने पाना उचललेला नाही.

१५ डिसेंबर

शोरूमचे लोक जागेची मापं घ्यायला आले होते. टेप चुकीच्या टोकापासून धरत होते. मी तसंच मोजू दिलं.

दादा जेवत नाही. आबा त्याच्याजवळ बसून राहतात. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का गं पूजेत?" मी म्हटलं, नाही आबा, तेव्हाच तर आकडा आला.

१८ डिसेंबर

सयाजीशेठनी आज मला हॉटेलात बोलावून चहा दिला. म्हणाले, "मास्तरीण, तू लई शहाणी, म्हणून सांगतो. सायबाला कारणच पायजे ना? दे की एक. तेल कमी पडलं म्हन. पोरीच्या हातून माप चुकलं म्हन. सायब स्वतःच म्हनला ना, चूक असली तरी चालंल? मंग?"

मी म्हटलं, "पण माप चुकलं नव्हतं."

"आगं, तुझ्या भावाकडं बघ जरा!"

बघितलं. दादा रुळाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसतात तसा.

दुसरं कुठलं कारण आम्हाला सापडणार नाही, हे आता मला माहीत आहे. तेलाचं कारण चांगलं आहे. कमी तेलाने इंजिन असंच सीज होतं, साहेबांना पटेल. दोष माझ्यावर येईल, दादावर नाही. आत्याचं मन तर आधीच उठलं आहे, त्यात नवीन काही बिघडायचं नाही. आणि कोण जाणे, मी मोजलं असं मला वाटतंय, प्रत्यक्षात वीसच मिली घातलं असेल. नाही. चाळीसच घातलं होतं. पण उद्या वीस म्हणायचं. मी ठरवलं आहे.

१९ डिसेंबर

सकाळी स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. वाक्य पाठ केलं होतं. साहेब, कारण सापडलं, तेल मी मिसळलं होतं, माझ्या हातून कमी पडलं.

साहेबांनीच फोन उचलला. मी म्हटलं, "साहेब, हिरा बोलतेय, सोमनाथची बहीण. कारण सापडलं."

"शाब्बास! मी वाटच बघत होतो. काय निघालं?"

"तेल, साहेब. तेल मी मिसळलं होतं."

"अच्छा. किती घातलं होतं लिटरला?"

मी म्हटलं, "चाळीस मिली."

तोंडातून गेलं. वीस म्हणायचं होतं. कुणी विचारलं की मोजलेलंच बाहेर पडतं माझ्या तोंडून, दुसरं पडतच नाही.  बूथच्या मीटरचे आकडे पळत होते.

"चाळीस म्हणजे बरोबर आहे, बेटा," ते म्हणाले. आवाज थकलेला होता. "मग तेल नव्हे."

मी हो म्हटलं. त्यांनी बहिरूची चौकशी केली आणि फोन ठेवला.

गॅरेजपर्यंत चालत आले. सयाजीशेठनी हॉटेलातून खुणेने विचारलं, मी पाहिलं नाही असं केलं. दादा दारात उभा होता. त्याला कळलं होतं मी कुणाला फोन करायला गेले ते. आज त्याने दाढी केली होती.

"काय म्हनले?"

"बरोबर आहे म्हणाले," मी म्हटलं.